जिन्याखालची टोपली

बाईंकडून कुत्र्याचं पिल्लू मिळवण्यापेक्षा घरातल्या मुलीची सोयरीक जुळवणं सोपं, असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. सोयरिकीत दोन्हीकडचे लोक थोड्याफार थापा मारतात आणि एकमेकांच्या थापा गोड मानून घेतात. बाईंकडे ती सोय नव्हती. त्यांच्याकडे बेचाळीस प्रश्नांचा छापील कागद होता. दिवसभर घरी कोण असतं, फाटकाची कडी किती उंचीवर आहे, घरातलं सगळ्यात चिडकं माणूस कोण, कुत्रा म्हातारा होऊन अंथरुणात मुतू लागला तर काय कराल. या शेवटच्या प्रश्नाला ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर देणारा माणूस हातातला चहा संपायच्या आत फाटकाबाहेर असे.

पाठीमागे सगळे त्यांना फौजदार म्हणत. त्यांच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पत्र्याची पाटी होती. कुणा नकार मिळालेल्या गृहस्थाने एकदा तिच्याखाली ‘मालकिणीपासून जास्त’ असं खडूने लिहून ठेवलं. बाई ते वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि रंगाऱ्याला बोलावून ती अक्षरं पक्क्या रंगात गिरवून घेतली. “हौशे-गवशे तेवढेच टळतील,” असं त्या भावजयीला म्हणाल्या. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी; बाकीचे दहा महिने घरात या नणंद-भावजया आणि कुत्री.

बाई खवट होत्या, पण कामाला चोख होत्या, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लं. त्याआधी आई आणि बाप दोघांचे डोळे, खुबे, काळीज सगळं तपासून घ्यायचं. पिल्लं झाली की रोज सकाळी एकेकाला काट्यावर ठेवून वजन लिहायचं. सगळी सारखीच दिसतात म्हणून गळ्यात वेगवेगळ्या रंगाचा दोरा, आणि तेच त्यांचं नाव. पिल्लू नेणाऱ्याने करारावर सही करायची. त्यात दोन मोठ्या अटी होत्या. दर वर्षी वाढदिवसाला एक फोटो पाठवायचा, आणि कुत्रा सांभाळणं कधीही, कुठल्याही कारणाने जमेनासं झालं तर तो बाईंकडेच परत आणायचा. परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही.

आणि एक रीत होती ती कापडांची. पिल्लं जन्मली की बाई एक जुनी चादर फाडून तिचे तुकडे त्यांच्या खोक्यात अंथरत. पिल्लू जाताना एक तुकडा त्याच्यासोबत जायचा, म्हणजे नव्या घरात त्याला आईचा वास असायचा. तसंच नव्या घरातून एक वापरलेलं, न धुतलेलं कापड पंधरा दिवस आधी यायचं आणि पिल्लाच्या अंथरुणात पडायचं. म्हणजे नवं घर त्याला परकं वाटायचं नाही. बाई याला जाणारं कापड आणि येणारं कापड म्हणत.

यंदा काजळीला पाच पिल्लं झाली होती. काजळी म्हणजे बाईंची लाडकी. बदामी रंगाची, लांब कानांची, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कडी. सहा वर्षांची झाली होती, तेव्हा हे तिचं दुसरं आणि शेवटचं बाळंतपण. पाचांपैकी चार पिल्लांची घरं ठरली. उरली ती हिरव्या दोऱ्याची. तिच्यात खोट काहीच दिसत नव्हती, पण बाकीची चार अंगावर झेप घेत आणि ही कोपऱ्यात बसून जांभया देई. लोकांना झेप घेणारं पिल्लू आवडतं.

पिल्लं पाच आठवड्यांची असताना घड्याळवाले आणि त्यांची बायको आले. सत्तरीचे गृहस्थ, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, बोटं बारीक आणि स्थिर. बायको गप्प. घड्याळवाल्यांनी एकेक पिल्लू उचललं आणि कानाशी धरलं. पाचही पिल्लं. डोळे मिटून, बराच वेळ. बाईंना वाटलं, म्हाताऱ्यांना प्रेमाचं भरतं आलंय. पाचवी हिरवी होती. तिला त्यांनी खाली ठेवलंच नाही.

“ही,” घड्याळवाले म्हणाले.

“काका, मागणारे तुम्ही. देणारी मी आहे. आधी कागद भरा.”

त्यांनी कागद भरला. उत्तरं अशी होती की बाईंना एकही खूण करावी लागली नाही. सातवा प्रश्न होता, ‘यापूर्वी घरात कुत्रा होता का? असल्यास त्याचं काय झालं?’ तिथे त्यांनी सुबक अक्षरात ‘नव्हता’ लिहिलं होतं. लिहिताना बायको उठून खिडकीशी गेली होती.

“पहिल्या रात्री रडेल हं,” बाई म्हणाल्या.

“चावीचं घड्याळ कापडात गुंडाळून उशाशी ठेवायचं. आईच्या काळजासारखं वाजतं. गप्प झोपतात,” घड्याळवाले म्हणाले, आणि मग स्वतःचं वाक्य स्वतःलाच नकोसं झाल्यासारखे टोपी शोधू लागले.

युक्ती बरोबर होती. जुन्या कुत्रेवाल्यांना ठाऊक असते. पण ज्याच्या घरी कधी कुत्रा नव्हता त्याला कशी ठाऊक? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं की घड्याळवाल्याला घड्याळाचे गुण ठाऊक नसणार तर कुणाला?

पुढच्या आठवड्यात बाई त्यांचं घर पाहून आल्या. पहिली भेट सांगून, दुसरी न सांगता, हा त्यांचा नियम. काजळी अजून पिल्लांना पाजत होती म्हणून या खेपेला त्या एकट्याच गेल्या. अरुंद गल्लीतलं दोन मजली घर. बाहेरच्या खोलीत भिंतभर घड्याळं. दुरुस्तीला आलेली, प्रत्येक आपापल्या वेळेने चालणारी, त्यामुळे टिकटिक अशी नाहीच, नुसती खसखस. फाटकाला दोन कड्या, एक वर आणि एक खाली. विजेच्या तारा हातभर उंच बांधलेल्या. औषधं वरच्या फळीवर. पाण्याचा जड वाडगा स्वयंपाकघराच्या दाराशी, बरोबर जिथे ठेवायला हवा तिथे. बाई सहसा दहा तरी सूचना करून यायच्या. इथे सुचवायला काही नव्हतं, आणि त्यानेच त्यांना चैन पडेना. नवशिक्याचं घर इतकं बरोबर नसतं.

“झोपणार कुठे ती?” त्यांनी विचारलं.

घड्याळवाल्यांनी जिन्याखालच्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे पडदा सोडलेला होता.

“तिथे नको,” बायको पटकन म्हणाली. त्या दिवसभरात ती एवढंच बोलली.

बाई घरी आल्या. येणारं कापड म्हणून घड्याळवाल्यांनी एक जुना राखाडी स्वेटर दिला होता, कोपरांवर विरलेला. तो त्यांनी हिरवीच्या बाजूला टाकला. तोवर बाकीच्या चार घरांची कापडं खोक्यात पडलेलीच होती. काजळीने ती एकदा हुंगली होती आणि त्यावर बसकण मारली होती. कुत्र्याची जात, कापड ते कापड.

स्वेटरजवळ आल्यावर ती थांबली. तिच्या पाठीवरचे केस हळूहळू उभे राहिले. तिने मान खाली घातली, स्वेटरची कॉलर दातांत अगदी अलगद धरली, पिल्लाची मानगूट धरतात तशी, आणि तो उचलून खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात नेला. मग त्याच्याभोवती वळसा घालून ती आडवी झाली आणि स्वेटर चाटू लागली.

“अगंबाई,” दारात उभी राहिलेली भावजय म्हणाली. “वन्सं, ही काय करतेय?”

“खेळतेय.”

“हे खेळणं नाही.”

ते खेळणं नव्हतंच. दुसऱ्या दिवसापासून काजळी स्वेटर घेऊन घरभर जागा बदलू लागली. पलंगाखाली, मोरीच्या मागे, कपाटाच्या फटीत. एकुलतं पिल्लू कुणापासून तरी वाचवावं तसं. जेवणाच्या भांड्यातला शेवटचा घास ती खात नसे. तो आणून स्वेटरच्या गळ्याशी ठेवी आणि वाट बघत बसे. पिल्लं आता वरचं खात होती, तिचं दूध आटत आलं होतं. ते परत भरलं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, होतं असं कधी कधी, शरीराला भास होतात. डॉक्टरांनाही भास हा शब्द वापरताना बरं वाटलं नसावं, कारण ते लगेच हवापाण्याबद्दल बोलू लागले.

चार पिल्लं आपापल्या घरी गेली. काजळीने एकेकाला दारापर्यंत सोडलं आणि शहाण्या आईसारखी परत फिरली. मग ती हिरवीला एका कुशीत आणि स्वेटरला दुसऱ्या कुशीत घेऊन झोपू लागली. बाईंनी एका दुपारी स्वेटर उचलायला हात घातला. काजळी गुरगुरली. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही बाईंवर. बाईंनी हात मागे घेतला.

“हे असं ती फक्त स्वतःच्या पिल्लाला करते,” भावजय हळूच म्हणाली. “त्या स्वेटरला तिच्या लेकराचा वास येतोय. आत्ताच्या नव्हे. आधीच्या.”

“काहीतरीच काय! आधीची सहाच्या सहा आपापल्या घरी सुखात आहेत. माझ्याकडे फोटो आहेत.”

“मग काढा फोटो.”

बाईंनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीची सहा पिल्लं, प्रत्येकाचं एक पान, पानावर दर वर्षीचा फोटो डकवलेला. पाच पानं धडधाकट. कुत्री वाढत गेलेली, जाड झालेली, एकाला तर चष्मा लावून बसवलेलं. सहावं पान निळ्याचं. तो एका शाळामास्तरांकडे गेला होता. सज्जन मनुष्य, बायको पोटुशी, बेचाळीसपैकी बेचाळीस. तीन फोटो. पहिल्यात निळ्या बसलेला, दुसऱ्यात उभा, तिसऱ्यात मान वळवून बघणारा. मागे मास्तरांच्या घरची भिंत, भिंतीवर कॅलेंडर.

बाईंनी भिंग आणलं. तिन्ही फोटोंत कॅलेंडरवर एकच महिना होता. एकच वर्ष होतं.

तिन्ही फोटो एकाच दिवशी काढलेले होते. आणि बाईंनी ते वर्षावर्षाने स्वतःच्या हाताने डिंक लावून चिकटवले होते. समोरच्याच्या घरात मीठ कुठल्या फळीवर आहे हे विचारणाऱ्या बाईंना डोळ्यांसमोरचं कॅलेंडर दिसलं नव्हतं.

त्यांनी लगेच मास्तरांना फोन लावला.

“हो हो बाई, मस्त आहे!” मास्तर म्हणाले. “आत्ताच जेवला बघा.”

“जरा भुंकायला लावा त्याला. आवाज ऐकू दे.”

“मी बाहेर आहे ना. घरी गेलो की लावतो.” फोनमध्ये मागे लहान मूल रडत होतं, आणि कुणीतरी त्याला घरातल्या आवाजात गप्प करत होतं.

बाईंनी फोन ठेवला. निळ्या कुठे आहे? आणि ज्यांच्या घरी कधी कुत्रा नव्हता, त्यांच्या स्वेटरला त्याचा वास का? हिरवीला न्यायला घड्याळवाले तीन दिवसांनी येणार होते. हो म्हणायचं की नाही, ते बाईंना त्याआधी ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या काजळीला घेऊन निघाल्या. दुसरी भेट, न सांगता. गाडी मोठ्या रस्त्यावर लावली, कारण पुढे गल्ल्या अरुंद होत्या. बाईंना वाट नीट आठवत नव्हती. शिंप्याच्या दुकानापाशी उजवीकडे की डावीकडे, याचा विचार करत त्या थांबल्या.

काजळी थांबली नाही. ती या भागात जन्मात आली नव्हती. तरी तिने नाक जमिनीला न लावता, मान वर करून, शिंप्याकडून डावं वळण घेतलं. मग लाँड्रीच्या पुढे उजवं. बाई पट्टा धरून मागून नुसत्या ओढल्या जात होत्या. रस्त्यावरची दोन कुत्री भुंकत पुढे आली आणि काजळीला पाहून गप्प होऊन बाजूला सरली. ऊन लखलखीत होतं, माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जात होती, आणि बाईंच्या अंगावर मात्र काटा उभा होता. काजळी बरोबर त्या फाटकापाशी थांबली. पंजा वर करून तिने आधी खालची कडी हलवली. मग बाईंकडे पाहिलं.

दार घड्याळवाल्यांच्या बायकोने उघडलं. तिने बाईंना पाहिलं, मग काजळीला पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई आहे का त्याची?” ती म्हणाली. ‘तिची’ म्हणाली नाही.

काजळीने पट्ट्याला हिसका दिला आणि ती आत गेली. खसखसणाऱ्या घड्याळांखालून, कामाच्या टेबलावरून मान वर केलेल्या म्हाताऱ्याकडे न बघता, सरळ जिन्याखाली. पडदा तिच्या अंगाबरोबर ओढला गेला. आत वेताची एक टोपली होती. कडा चावून कुरतडलेल्या. टोपलीत मधोमध कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते वाजत होतं. टिक, टिक, टिक.

कापडावर निळ्या वेली होत्या. बाईंनी ती चादर स्वतः फाडली होती, तीन वर्षांपूर्वी.

काजळी टोपलीत चढली. मावत नव्हती तरी अंग मुडपून बसली, ते गुंडाळलेलं घड्याळ नाकाने आपल्या पोटाशी लोटलं आणि तिच्या घशातून एक बारीक, घोगरा आवाज निघाला. आंधळ्या पिल्लांना दूध प्यायला बोलावताना आई काढते तो. बाईंनी तो आवाज शंभर वेळा ऐकला होता. रिकाम्या टोपलीपाशी कधी ऐकला नव्हता.

शेवटी घड्याळवाले उठून आले.

“रोज चावी देतो,” ते म्हणाले. “बंद करायला हात होत नाही.”

“कधी?” बाईंनी विचारलं.

“दहा महिने झाले. खेळता खेळता गेला. इथेच, फाटकाच्या आत. चेंडू आणायला धावला, चेंडूपर्यंत पोचला, आणि बसला. मला वाटलं दमला.”

मग सगळं बाहेर आलं. मास्तरांच्या घरी मूल झालं, त्याला कुत्र्याच्या केसांनी दम लागू लागला. मास्तरांची शिकवणी या गल्लीत होती, घड्याळवाल्यांची ओळख होती. त्यांनी निळ्याला इथे आणून सोडलं आणि शब्द घेतला की बाईंना कळू द्यायचं नाही. मास्तर वाढदिवसाला जुनेच फोटो पाठवत राहिले. वर्षभर निळ्या इथे राजासारखा राहिला.

बाईंचा राग मस्तकात गेला. “करार होता! सही होती! एक फोन केला असता तर मी स्वतः येऊन घेऊन गेले असते त्याला. आणि तुम्ही? सातव्या प्रश्नाला ‘नव्हता’ लिहिताना हात नाही कापला तुमचा?”

“कापला,” घड्याळवाले म्हणाले.

“तो प्रश्न दोन भागांचा आहे,” बायको म्हणाली. आता तिला बोलायचंच होतं. “पहिल्याला ‘होता’ लिहिलं की दुसऱ्याचं उत्तर द्यावं लागतं. मला ते लिहून वाचवेना. आणि फोनचं म्हणता तर ऐका. तो जायच्या आधी महिनाभर यांना त्याच्या छातीत काहीतरी चुकतंय असं ऐकू येत होतं. यांचा कान तुम्हाला माहीत नाही. आम्ही दोनदा तुमच्याकडे आलो होतो त्याला घेऊन. म्हटलं, जिने जन्माला घातला तिला ठाऊक असेल काय ते. दोन्ही वेळा तुमच्या फाटकावरची पाटी वाचली आणि परत आलो.”

बाईंना ती पाटी आठवली. पक्क्या रंगातली. त्या हसल्या होत्या तेही आठवलं.

“डॉक्टरकडे?” त्यांनी विचारलं, पण आवाजात फौजदार उरला नव्हता.

“नेलं. आमचा डॉक्टर म्हणाला, आई-बाप कोण, त्यांची तपासणी काय, ते कागद आणा. कागद मास्तरांकडे. मास्तर म्हणाले, आणतो. तोवर...” तिने टोपलीकडे पाहिलं.

घड्याळवाले काजळीशेजारी खाली बसले. ती गुरगुरली नाही. “मी तुमच्याकडे पिल्लू निवडायला आलो नव्हतो,” ते म्हणाले. “त्याच आईची पिल्लं आहेत असं कळलं, म्हणून ऐकायला आलो होतो. पाचही ऐकली. चार ठीक चालतात. हिरवी चुकते. त्याच्यासारखीच. आठ-दहा ठोके बरोबर, मग एक गाळते, मग परत धरते.”

बाई टोपलीपाशी वाकल्या. “मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर हे कुठून कळलं तेही सांगावं लागलं असतं, मास्तरांना दिलेला शब्द मोडला असता. आणि तुम्ही माझ्यासारख्या खोटारड्याला ती दिली नसती.” त्यांनी काजळीच्या पाठीवर हात ठेवला. “कुणीतरी नेलीच असती तिला. मुलं असलेल्या घरी गेली असती. एक दिवस चेंडूमागे धावली असती. आम्हाला निदान माहीत आहे. चेंडू टाकायचा नाही. जिना चढू द्यायचा नाही. आम्ही एकदा चुकलोय.”

काजळी तासभर टोपलीतून उठली नाही. शेवटी घड्याळवाल्यांच्या बायकोने निळ्या वेलींचं कापड सोडवून तिच्या तोंडाशी धरलं. ते दातांत घेऊन ती उठली आणि बाईंच्या आधी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. उघडं घड्याळ टोपलीत वाजत राहिलं.

घरी आल्यावर बाई चपला न काढताच खोक्याशी गेल्या. हिरवी जांभई देत होती. त्यांनी तिला उचलून कानाशी धरलं. पिल्लाचं काळीज किती भरभर चालतं! मोजता मोजता त्या थबकल्या. एक जागा रिकामी गेली होती. मग परत सुरू.

डॉक्टरांनी मोठ्या यंत्रावर पाहिलं आणि मान हलवली. आई-बापाच्या तपासण्या स्वच्छ होत्या, त्यात बाईंची चूक नव्हती. दोष दोघांच्या रक्तात लपलेला होता आणि जोडी लागली की एखाद्या पिल्लात उठत होता. आधीचं पिल्लू असं गेलं हे कळलं असतं, तर ही जोडी पुन्हा कुणीच लावली नसती. “आणि हिला किती?” बाईंनी विचारलं. औषधं आहेत, डॉक्टर म्हणाले. दोन वर्षं, कदाचित तीन. धावपळ नाही केली तर.

बाईंनी चार घरांना फोन केले, चारही पिल्लं तपासून घेतली. घड्याळवाल्यांचा कान खरा निघाला. चारही ठीक होती. मग आधीच्या पाचांना फोन. शेवटी मास्तरांना.

“हो हो बाई, मस्त आहे. आत्ताच जेवला...”

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “मी रागावणार नाही.”

पलीकडे मग तो सज्जन मनुष्य हमसून हमसून रडायला लागला. बाई फोन कानाशी धरून तशाच बसून राहिल्या.

ठरल्या दिवशी घड्याळवाले आणि त्यांची बायको आले तेव्हा फाटकावर पाटीच नव्हती. नुसती चार खिळ्यांची भोकं होती. भावजयीने चहा केला. बाईंनी तोच जुना कागद बायकोपुढे ठेवला आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिने ‘नव्हता’ खोडलं आणि सावकाश लिहिलं, ‘होता. आमच्या अंगणात, आमच्या डोळ्यांसमोर गेला.’ बाईंनी वाचलं आणि खाली सही केली.

“फोटो वर्षातून एकदा,” त्या सवयीने म्हणाल्या, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “म्हणजे... वर्षभर मला धीर निघणार नाही, काका.”

हिरवी गेली. काजळी तिला दारापर्यंत सोडून आली. दोनच दिवसांत तिचं दूध आटलं. राखाडी स्वेटर तिने कपाटाच्या फटीत टाकला तो पुन्हा काढला नाही. निळ्या वेलींचं कापड मात्र तिच्या अंथरुणात असतं.

रोज संध्याकाळी सहाला आता बाईंचा फोन वाजतो. घड्याळवाले काही बोलत नाहीत. पिल्लाचं काळीज फोनवरून ऐकू येत नाही, म्हणून ते एक हात हिरवीच्या छातीवर ठेवतात आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टेबलाच्या काचेवर ठोके देतात. टक, टक, टक, टक. बाई मोजतात. भावजय गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहते. काजळी उठून बाईंच्या गुडघ्याशी येते, कान टवकारते, आणि घशातून तो बारीक, घोगरा आवाज काढते.

मग काचेवर एक ठोका येत नाही. घरात तिघीही श्वास धरून बसतात, पुढचा येईपर्यंत.